मेलेला माणूस गोष्ट सांगतो तेव्हा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मेलेल्या माणसाच्या तोंडून सांगितलेल्या कादंबऱ्या आणि मरणाकडे उपहासाने पाहणारं लेखन मी गेली कित्येक वर्षं शोधून शोधून वाचतो आहे. त्याबद्दल बोलायला लागलं की ठरावीक प्रश्न हमखास येतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. काही पुस्तकांचे शेवट यात उघड होतात. त्याला इलाज नव्हता, कारण निवेदक मेलेला आहे हेच कधी कधी त्या पुस्तकाचं रहस्य असतं.

मृत निवेदक नेमकं कुणाला म्हणायचं?

गोष्ट सांगायला बसतो तेव्हाच जो मेलेला असतो, त्याला. गोष्टीत भूत आहे एवढ्यावर भागत नाही, गोष्ट त्या भुताच्या तोंडून आली पाहिजे. अंथरुणाला खिळून आयुष्य आठवणारा म्हातारा यात बसत नाही. तो अजून जिवंत आहे आणि आपण बरे होऊ ही आशा त्याला सुटलेली नाही. साक्षात मृत्यूच निवेदक असेल तर तोही निराळा प्रकार. मार्कस झुसाकच्या 'द बुक थीफ'मध्ये (२००५) मृत्यू बोलतो, पण तो कधी जगलेलाच नाही, त्यामुळे त्याचं मागे काही राहून गेलेलं नाही.

बरेच जण इथे वेताळाची आठवण काढतात. विक्रमाच्या खांद्यावर प्रेत असतं हे खरं, पण बोलतो तो त्यात शिरलेला वेताळ. ज्याचं ते शरीर, तो माणूस पंचवीसच्या पंचवीस गोष्टी संपेपर्यंत गप्पच असतो. मला लहानपणापासून त्या गप्प राहिलेल्या माणसाचं कुतूहल आहे. या सगळ्या वाचनाची सुरुवात बहुधा तिथूनच झाली.

ही अलीकडची टूम आहे का?

अजिबात नाही. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात लुशियन या ग्रीक भाषेत लिहिणाऱ्या लेखकाने मेलेल्यांचे संवाद लिहिले. त्यातल्या एका संवादात परलोकाच्या नदीवर नाव लागलेली असते. नाव लहान आणि गळकी, त्यामुळे सामान न्यायला बंदी. मग एकेकाला चढण्याआधी अंगावरचं सगळं उतरवून ठेवावं लागतं. जुलमी राजा आपली श्रीमंती आणि गर्व काठावर टाकतो, तत्त्वज्ञाला आपली दाढी कापून द्यावी लागते. दुसऱ्या एका संवादात नावाडी कॅरन मेनिपस नावाच्या उतारूकडे नावेचं भाडं मागतो आणि मेनिपस त्याला सांगतो की ज्याच्याजवळ काहीच नाही त्याच्याकडून तू घेणार काय! या विषयातलं जवळपास सगळं बीज तिथे आहे. मेल्यावरही माणसं हुद्दा, पैसा आणि वाद सोडत नाहीत, आणि लेखक त्यांना तेच करताना पकडतो.

मेलेल्या माणसाकडून गोष्ट सांगून घेण्यात फायदा काय?

नेहमीचं उत्तर असं, की मेलेल्याला गमावण्यासारखं काही उरलेलं नसतं, म्हणून तो खरं बोलतो. ते चूक नाही, पण अर्धंच आहे. निव्वळ मोकळेपणाने बोलणारा माणूस दहा पानांनंतर कंटाळवाणा होतो, मग तो जिवंत असो की मेलेला.

माझ्या वाचनात जी पुस्तकं टिकली, त्या प्रत्येकात मेलेल्या माणसाला अजून काहीतरी हवं असतं. कुणाला आपला खुनी सापडायला हवा असतो, कुणाला थकलेली पेन्शन, कुणाला स्वतःच्या मनासारखं सरण. हात हलवायची ताकद गेलेली आणि इच्छा मात्र शाबूत, या अवस्थेतून त्या पुस्तकांचं हसू येतं आणि रडूही. मृत निवेदकाचं कुठलंही पुस्तक हातात आलं की मी आधी एवढंच बघतो, की याला अजून काय हवंय.

ब्राझ कुबासचं नाव एवढं का घेतात?

कारण तिथे हा प्रकार पूर्ण वयात आला. ब्राझीलचा लेखक माशादो द आसिस याची 'ब्राझ कुबासच्या मरणोत्तर आठवणी' ही कादंबरी आधी १८८० मध्ये नियतकालिकातून क्रमशः आली आणि १८८१ मध्ये पुस्तकरूपाने. आपण मेलेला लेखक नसून लेखक झालेला मेलेला आहोत, हे निवेदक सुरुवातीलाच सांगून टाकतो. आठवणींची सुरुवात जन्मापासून करावी की मरणापासून, असा त्याला प्रश्न पडतो आणि तो मरणापासून करतो.

त्याच्या दफनाचा प्रसंग मी किती वेळा वाचला असेन त्याला गणती नाही. १८६९ सालच्या ऑगस्टमधला शुक्रवार. ब्राझ चौसष्ट वर्षांचा, अविवाहित आणि पैसेवाला. दफनाला अकराच मित्र आलेले आणि पावसाची बारीक झिमझिम चालू. एक मित्र खड्ड्याच्या काठावर उभा राहून भाषण करतो. या थोर माणसाच्या जाण्याने निसर्गसुद्धा अश्रू ढाळतो आहे, अशा थाटाचं. आणि मेलेला ब्राझ मनापासून म्हणतो, माझ्या चांगल्या, निष्ठावान मित्रा, तुझ्या नावे वीस कर्जरोखे ठेवले याचा मला पश्चात्ताप होत नाही. एका वाक्यात मित्र उघडा पडतो, भाषण उघडं पडतं आणि ब्राझही. कारण मेल्यावरसुद्धा तो हिशोब मांडतोच आहे.

त्याला मारलं न्यूमोनियाने, पण त्याच्या मते खरं कारण एक कल्पना होती. उदासी घालवणारी औषधी पट्टी शोधून काढायची आणि पाकिटांवर, जाहिरातींत आपलं नाव छापून आलेलं बघायचं, ही त्याची हौस. त्या नादात वारा लागला आणि संपला. उदासीवरचं औषध शोधता शोधता मेलेला हा माणूस नंतर १६० छोट्या छोट्या प्रकरणांत आपलं रिकामं आयुष्य उलगडतो. एका प्रकरणात नुसते टिंबांचे ठिपके आहेत. मंत्रिपद कसं मिळालं नाही, त्याची ती हकिगत.

पण हे पुस्तक गंमतीजंमतीचं समजू नका. लहानपणी ब्राझ घरातल्या प्रुदेन्सियो नावाच्या गुलाम पोराला घोडा करून त्याच्या पाठीवर बसायचा, तोंडात दोरीचा लगाम घालायचा आणि छडीने मारायचा. पुढे मोठेपणी त्याला रस्त्यात एक काळा माणूस दुसऱ्या काळ्या माणसाला चाबकाने फोडताना दिसतो. जवळ जाऊन बघतो तर मारणारा प्रुदेन्सियोच. आता तो मुक्त झाला आहे आणि त्याने स्वतःचा गुलाम विकत घेतला आहे. ब्राझच्या सांगण्यावरून तो लगेच थांबतो, धनी म्हणतील ते, म्हणून. आणि पुढे चालता चालता ब्राझला त्या प्रसंगात मौज वाटू लागते. लहानपणी मिळालेला मार पोराने व्याजासकट दुसऱ्याला चुकता केला, असा तो हिशोब लावतो. पोराला तो मार दिला कुणी, या प्रश्नापाशी तो थांबतही नाही. पुस्तक आलं तेव्हा ब्राझीलमध्ये गुलामगिरी कायदेशीर होती, ती १८८८ मध्ये संपली. माशादोचे वडिलांकडचे आजी-आजोबा मुक्त झालेले गुलाम होते. असा लेखक मेलेल्या मालकाला मोकळेपणाने बोलायला लावतो, आणि त्या मोकळेपणात लाज कुठेच नाही हे वाचकाला दाखवून देतो. मेलेला माणूस खरं बोलतो म्हणजे तो शहाणा झाला असं होत नाही, हे मी या पानांवर शिकलो.

पण मेलेला माणूस लिहितो कसा? कशाने? कुणाला सांगतो?

हा प्रश्न चांगली पुस्तकं एका झटक्यात बाजूला सारतात. परलोकात बसून हे कसं लिहिलं ती पद्धत मोठी अजब आहे, पण ती सांगत बसलो तर फार लांबेल आणि त्याची गरजही नाही, असं ब्राझ प्रस्तावनेतच म्हणतो. वाचक मान्य करतो. यंत्रणा समजावत बसलेल्या पुस्तकांत वाचकाच्या शंका उलट वाढत जातात.

निवेदक मेलेला आहे हे आधीच सांगावं, की शेवटपर्यंत लपवावं?

दोन्ही करता येतं. पण लपवण्यात मोठी जोखीम आहे. रहस्य कळल्यावर पुस्तक दुसऱ्यांदा वाचवत नसेल, तर ते रहस्य फारच स्वस्तात विकलं गेलं असं समजावं.

या कसोटीला उतरलेलं एक पुस्तक म्हणजे फ्लॅन ओब्रायनचं 'द थर्ड पोलिसमन'. निनावी निवेदक साथीदाराच्या मदतीने पैशासाठी एका म्हाताऱ्याचा खून करतो आणि पुढे त्याची लपवलेली पेटी आणायला जातो. तिथून सगळं विचित्र होत जातं: न कळणारी भूमिती, सायकलींच्या ध्यासाने पछाडलेले पोलीस, न संपणारे रस्ते. शेवटी कळतं, की पेटीच्या जागी साथीदाराने स्फोटक ठेवलं होतं आणि आपला निवेदक तिथेच मेला होता. मग तो पुन्हा त्याच चौकीत शिरतो आणि पुन्हा तेच सुरू होतं. हे कळल्यावर पहिलं पान उघडावंसंच वाटतं, कारण निवेदकाच्या नशिबी नेमकं तेच आहे. पुस्तकाची स्वतःची कहाणीही चटका लावणारी आहे. १९४० पर्यंत लिहून झालेलं हस्तलिखित प्रकाशकाने नाकारलं. ते हरवलं, असं लेखक लोकांना सांगत राहिला. १९६६ मध्ये तो गेला आणि पुस्तक निघालं १९६७ मध्ये.

हुआन रुल्फोची 'पेद्रो पारामो' (१९५५) लपवते आणि मध्यावरच सांगून टाकते. आईला मरताना दिलेल्या शब्दाखातर हुआन प्रेसियादो बापाला शोधत कोमाला गावात येतो. गावात भेटेल ते माणूस मेलेलं. अर्ध्या वाटेवर लक्षात येतं, की हुआनही मेला आहे आणि आतापर्यंतचं सगळं तो थडग्यात शेजारी पुरलेल्या दोरोतेआला सांगत होता. तिला त्याच्याच खड्ड्यात पुरलं आहे आणि ती त्याच्या मिठीच्या बेचक्यात नीट मावली आहे. 'तुला कशाने मारलं?' याला त्याचं उत्तर आहे, कुजबुजीने. एवढी पानं आपणही तीच कुजबुज ऐकत आलेलो असतो, तेव्हा अंगावर काटा येतो.

आधीच सांगून टाकणाऱ्यांत ओरहान पामुकची 'माझं नाव लाल' (१९९८) आहे. पहिल्याच प्रकरणात विहिरीच्या तळाशी पडलेलं प्रेत बोलतं. आपला खुनी कोण हा त्याचा प्रश्न आहेच, पण आपलं शरीर कुणाला सापडलेलं नाही, आपलं रीतसर दफन झालेलं नाही, ही तगमग त्याहून मोठी. चित्रपटांत बिली वाइल्डरच्या 'सनसेट बुलेवार्ड'चं (१९५०) नाव घेतलंच पाहिजे. तरणतलावात पालथं तरंगणारं प्रेत आणि त्याचाच आवाज आपल्याला गोष्ट सांगतो. मुळात सुरुवात शवागारात होती, तिथली प्रेतं एकमेकांशी गप्पा मारत होती. पूर्वपरीक्षण खेळात प्रेक्षक हसत सुटले आणि तो भाग कापावा लागला. एकटं प्रेत बोललं तर लोक कान देतात आणि चार प्रेतं बोलू लागली की हसतात, ही त्या प्रसंगाने दाखवलेली गोष्ट मला मोलाची वाटते. या लेखात पुढे येणाऱ्या स्मशानातल्या गप्पांच्या पुस्तकांनी नेमक्या त्याच हसण्याचा उपयोग केला.

मराठीत असं काही आहे का?

हा प्रश्न विचारणाऱ्या बहुतेकांनी मृत निवेदकाचं पुस्तक आधीच वाचलेलं असतं. शिवाजी सावंतांची 'मृत्युंजय' (१९६७) आठवा. पहिल्याच पानावर कर्ण बोलायला लागतो आणि मेलेले बोलतील कसे, ही वाचकाच्या मनातली शंका तोच काढतो. हाडामांसाची जिवंत माणसं मेल्यासारखी वागू लागली की मेलेल्यांना बोलावं लागतं, अशा अर्थाचं त्याचं उत्तर आहे. नंतर कथेच्या ओघात आपण ते विसरतो. शेवटचा भाग मात्र श्रीकृष्णाच्या तोंडी येतो, कारण तिथे कर्णाचं मरण बाहेरून बघणारा कुणीतरी लागतो. तिथे उपहास नाही. पण हवं असलेलं काहीतरी आहेच: आपली बाजू एकदा तरी कुणीतरी पुरती ऐकावी.

उपहासासाठी सतीश आळेकरांच्या 'महानिर्वाण'कडे (१९७४) यावं. ते नाटक आहे, तरी या विषयात त्याला वगळणं मला जमणार नाही. भाऊराव मेले आहेत आणि आपल्या मरणाचं आख्यान ते स्वतःच कीर्तनातून लावतात. कीर्तनकाराला मुळातच मोकळीक असते. तो कथा मध्येच सोडतो, गातो, श्रोत्यांशी बोलतो, घटकेत राजा होतो नि घटकेत राणी. त्यामुळे मेलेला माणूस बोलतो कसा हा प्रश्न प्रेक्षकाच्या डोक्यात येतच नाही. कीर्तनकार उभा राहिला की बोलणारच! भाऊरावांना हवं आहे ते एवढंच, की आपल्याला जुन्याच स्मशानात जाळावं. ते स्मशान तर आता बंद. मेलेल्या बापाचा हट्ट पुरवता पुरवता मुलाची, नानाची, जी दमछाक होते, तिच्यात हसायला येतं आणि नंतर बराच वेळ गप्प बसावंसं वाटतं. जगातल्या कुठल्याही मोठ्या मृत निवेदकाच्या शेजारी भाऊरावांना मान ताठ ठेवून बसवता येईल, असं माझं ठाम मत आहे.

आणि तुकोबा. 'आपुलें मरण पाहिलें म्यां डोळां'. तो अभंग कल्पित कथा नाही, उपहास तर नाहीच. तिथे मरण अहंकाराचं आहे आणि त्याचा सोहळा आहे. पण आपलं मरण आपण पाहिलं हे वाक्य मराठी कानाला शतकानुशतकं ओळखीचं आहे, एवढं त्यातून नक्की कळतं.

मरणाची थट्टा करणं असंवेदनशील नाही का?

थट्टा कुणाची चालली आहे ते बघावं. चांगला उपहास मेलेल्याच्या वाटेला जात नाही, शोक करणाऱ्याच्या शोकालाही हात लावत नाही. मरणाभोवती जिवंत माणसं जे करतात, त्याच्यावर त्याची नजर असते.

तोलस्तोयच्या 'इव्हान इलिचचा मृत्यू'चं (१८८६) पहिलं प्रकरण बघा. इव्हान इलिच गेल्याची बातमी वाचून सहकाऱ्यांच्या मनात पहिला विचार येतो तो बढती-बदल्यांचा. नंतर प्योत्र इव्हानोविच घरी भेटायला जातो. विधवेशी बोलायला तो एका बुटक्या गादीच्या आसनावर बसतो. आसनाच्या स्प्रिंगा बिघडलेल्या. विधवा समोर बसायला जाते तर तिच्या काळ्या शालीची लेस टेबलाच्या नक्षीत अडकते. ती सोडवायला हा उठतो, की वजन गेल्याबरोबर स्प्रिंगा उसळून याला ढकलतात. ती स्वतःच सोडवू लागते, हा पुन्हा बसतो आणि स्प्रिंगा दाबून धरतो. लेस पुरती सुटलेली नसते, हा पुन्हा उठतो, आसन पुन्हा बंड करतं आणि वर आवाजही काढतं. हे सगळं आटोपल्यावर ती स्वच्छ रुमाल काढते आणि रडू लागते. तेवढ्यात नोकर येऊन सांगतो, की थडग्याच्या जागेचे दोनशे रूबल पडतील. रडणं थांबतं.

याला क्रूर म्हणणारे वाचक मला भेटले आहेत. मला ते तसं वाटत नाही. माझे वडील गेले त्या दुपारी मी तासभर त्यांच्या चष्म्याचं कव्हर शोधत होतो. माणसं येत होती, बसत होती, नि मी कपाटातले खण उघडत होतो. त्या कव्हरचा काही उपयोग नव्हता. पुढे ते आसनाचं पान वाचलं तेव्हा पहिल्यांदा वाटलं, की त्या दिवशीचं माझं वागणं कुणालातरी ठाऊक आहे आणि त्याने मला दोष दिलेला नाही. त्याच कथेत पुढे मरणाचं भय इतकं थेट येतं, की आधीच्या हसण्यानेच आपल्याला त्याच्या जवळ नेऊन सोडलं होतं हे कळतं.

मरणाच्या धंद्यावर लिहिलेलं काही?

एव्हलिन वॉची 'द लव्हड वन' (१९४८). १९४७ मध्ये तो हॉलिवूडला गेला होता, तिथलं भव्य स्मशान-उद्यान पाहून त्याला हे पुस्तक सुचलं. त्यातला प्रेतं सजवणारा कारागीर सहकारी मुलीच्या प्रेमात पडतो आणि तिच्याकडे पाठवायच्या प्रेतांच्या चेहऱ्यांवर हसू बसवून पाठवू लागतो. प्रेमपत्राऐवजी प्रेत. मला हे पुस्तक थंड वाटतं, त्यातल्या कुणाबद्दलच लेखकाला माया नाही, पण ही एक कल्पना विसरता येत नाही.

परलोक नेहमी सरकारी कचेरीसारखा का दाखवतात?

कारण माणसाला असहाय करणारी, जिवंतपणीच ओळखीची झालेली जागा ती एकच. रांग, खिडकी, अर्ज, उद्या या.

हरिशंकर परसाईंच्या 'भोलाराम का जीव' या हिंदी कथेत याचा कळस आहे. भोलाराम मेला, पण त्याचा जीव यमलोकात पोचलाच नाही. यमदूताच्या हातून निसटला. नारद शोधायला पृथ्वीवर येतात. कळतं, की भोलाराम निवृत्त होऊन पाच वर्षं झाली होती आणि पेन्शन काही मिळालं नव्हतं. नारद कचेरीत जातात. अर्जांवर 'वजन' ठेवलं नव्हतं म्हणून ते उडून गेले असतील, असं त्यांना सुनावलं जातं. शेवटी साहेब वजन म्हणून नारदांची वीणाच ठेवून घेतो आणि फाइल मागवतो. नाव नीट कळावं म्हणून नारद मोठ्याने 'भोलाराम' म्हणतात, तर फाइलमधून आवाज येतो: कोण हाक मारतंय, पोस्टमन आहे का, पेन्शनची ऑर्डर आली का? चल, स्वर्गात तुझी वाट बघताहेत, असं नारद म्हणतात. जीव नाही म्हणतो. त्याचं मन त्या अर्जांतच अडकलेलं आहे. हवं असणं म्हणजे काय ते यापेक्षा थोडक्यात कुणी लिहिलेलं मला माहीत नाही.

श्रीलंकेच्या शेहान करुणातिलकच्या 'द सेव्हन मून्स ऑफ माली अल्मेडा'मध्येही (२०२२ चं बुकर) युद्धछायाचित्रकार माली मेल्यावर जागा होतो तो गर्दीने भरलेल्या कचेरीत. त्याच्याकडे सात रात्री आहेत आणि पलंगाखाली दडवलेली छायाचित्रं जगासमोर यायला हवी आहेत. हे निवेदन 'तू' करत चालतं, जणू मेलेला माणूस स्वतःशीच अंतर राखून बोलतो आहे.

सगळीच पात्रं मेलेली असलेली कादंबरी वाचवते का?

वाचवते, मात्र सुरुवातीला धीर लागतो. दोस्तोयव्हस्कीची 'बोबोक' (१८७३) ही छोटी कथा आधी घ्या. स्मशानात आडवा झालेला एक माणूस खालचे आवाज ऐकतो. पुरलेली माणसं पत्ते खेळताहेत, जनरल तिथेही जनरलच आहे. शुद्ध अजून दोन-तीन महिने राहणार आहे असं कळल्यावर ती मंडळी ठरवतात, की आता कशाचीही लाज बाळगायची नाही. तेवढ्यात ऐकणाऱ्याला शिंक येते आणि सगळं चिडीचूप.

मग मार्टिन ओ काइन याची आयरिश भाषेतली 'क्रे ना किला' (१९४९). निव्वळ संवाद, वर्णन जवळपास नाहीच. कत्रीना पॉदीन पुरली गेल्यावर तिची पहिली काळजी अशी, की आपल्याला एक पौंडाच्या जागेत पुरलं की पंधरा शिलिंगवाल्या? नवं कुणी मेलं की त्याच्याकडून वरच्या बातम्या काढायच्या, बहिणीचा दुस्वास चालू ठेवायचा, थडग्यावर दगडी क्रूस बसला का हे विचारत राहायचं. त्या स्मशानात निवडणूकसुद्धा होते. इंग्रजीत यायला तिला २०१५ उजाडावं लागलं.

जॉर्ज सॉन्डर्सच्या 'लिंकन इन द बार्डो'मधल्या (२०१७) मेलेल्यांना आपण मेलो हेच मान्य नाही. शवपेटीला ते 'आजारपेटी' म्हणतात. आपण बरे होऊन घरी जाणार, या भरवशावर ते थांबून राहिले आहेत. त्या एका शब्दाने त्यांच्याबद्दल जितकी माया वाटते तितकी पानभर वर्णनाने वाटली नसती.

मरणच थांबलं तर?

जोझे सारामागोने २००५ च्या कादंबरीत हेच केलं. एका देशात नव्या वर्षाच्या पहिल्या दिवसापासून कुणी मरतच नाही. आधी जल्लोष. मग दफनाचा व्यवसाय करणारे सरकारकडे मागणी करतात की पाळीव प्राण्यांचं दफन सक्तीचं करा. विमा कंपन्या ऐंशीव्या वर्षी माणूस कागदोपत्री मेला असं धरायचं ठरवतात. आणि न मरणाऱ्या, तळमळणाऱ्या आप्तांना घरची माणसं रात्री सीमेपलीकडे नेतात, कारण तिथे मरण अजून चालू आहे. हसत हसत सुरू झालेलं पान या सीमेवर येऊन जड होतं. पुस्तकाच्या दुसऱ्या भागात मृत्यू स्त्रीच्या रूपात येतो आणि सूर बदलतो. मला पहिला भाग जास्त जवळचा.

नुकतंच घरचं कुणी गेलं आहे अशा माणसाला यातलं पुस्तक द्यावं का?

आपणहून नको. त्याने मागितलं तर 'इव्हान इलिच' द्या, आणि पहिल्या प्रकरणात हसू आलं तर वाईट वाटून घेऊ नको एवढं सांगा.

मला असं काही लिहायचं आहे. काय सांभाळू?

पहिलं वाक्य लिहिण्याआधी मेलेल्याला काय हवंय ते ठरवा. ते लहान असेल तितकं बरं. 'न्याय' म्हणालात तर हवेत राहील, 'कपाटातल्या तिसऱ्या खणातलं पत्र बायकोच्या आधी मुलीच्या हाती लागू नये' म्हणालात तर कथा चालू लागेल.

त्याला काय दिसतं आणि काय नाही, याचा नियम करा आणि मोडू नका. ॲलिस सीबोल्डच्या 'द लव्हली बोन्स'मधली (२००२) चौदा वर्षांची सूझी घरच्यांना बघू शकते, पण तिला त्यांच्यापर्यंत पोचता येत नाही. सगळी कादंबरी या एका मर्यादेवर उभी आहे. सर्वज्ञ भूत मात्र कथेचा जीव घेतं. एका क्षणात सगळी उत्तरं मिळालेल्याला शोधायला काही उरतच नाही.

मेलेल्याला ज्ञानी करू नका. ही चूक इतकी सर्रास होते की नवं हस्तलिखित हातात आलं की मला त्याचीच धास्ती असते. मेल्याबरोबर माणूस जीवनाचं सार सांगायला लागतो आणि वाचक पान उलटतो. जिवंतपणी तो हट्टी असेल तर मेल्यावरही हट्टीच राहू द्या. भाऊरावांना कुठे समज आली?

उपहास करायचा तर वस्तूंकडे बघा: पावत्या, खुर्च्या, हारावरची नावाची चिठ्ठी, शोकसभेत कुणी आधी बोलायचं यावरची कुजबुज. आणि एक सराव करून बघा. मेलेल्याच्या तोंडून एक पान लिहा, पण त्यात मरणाचा शब्दही येऊ देऊ नका. सॉन्डर्सच्या 'आजारपेटी'सारखा एखादा शब्द तुमच्या माणसाला आपोआप सापडेल.

सुरुवात कुठून करू?

परसाईंची कथा अर्ध्या तासात होते, तिथून. मग 'महानिर्वाण', शक्य असेल तर प्रयोग पाहून, नाहीतर संहिता मोठ्याने वाचून. 'मृत्युंजय' घरात असेलच, तिचं पहिलं पान या नजरेने पुन्हा वाचा. मग 'बोबोक' आणि 'पेद्रो पारामो'. 'पेद्रो पारामो' एका बैठकीत वाचा, तुटक वाचली तर आवाज हरवतात. ब्राझ कुबासची २०२० मध्ये दोन नवी इंग्रजी भाषांतरं आली, त्यातलं मिळेल ते घ्या. फक्त थेट पहिल्या प्रकरणावर जाऊ नका, आधी अर्पणपत्रिका वाचा. आपल्या प्रेताचं थंड मांस ज्या किड्याने पहिल्यांदा कुरतडलं, त्याला ब्राझने त्या आठवणी प्रेमाने अर्पण केल्या आहेत.